अनुताई वाघ : शिक्षिका घडविणारी शिक्षिका

१९४५ साली मुंबईत बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविकांसाठी शिबिर भरविले होते. पुण्याच्या हुजूरपागेत अकरा वर्षे शिकविणाऱ्या पस्तीस वर्षांच्या एक शिक्षिका तेथे आल्या होत्या. नोकरी स्थिर होती आणि शाळा नामवंत होती. पुढचे आयुष्य त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर सुखाने गेले असते. परंतु त्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. खेड्यातल्या बालशिक्षणाच्या प्रयोगासाठी ताराबाईंना सहकारी हवी होती. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या आणि त्यानंतर शहरात परतल्या नाहीत.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला स्वयंपाकघराचा कोपरा आणि लोकांची दया याखेरीज फारसे काही येत नसे. अनुताईंनी शिक्षणाची वाट धरली. १९२९ मध्ये पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. खेड्यातली शाळा, एकटी तरुण शिक्षिका, तीही विधवा. अडचण आली तर विचारायला कोणी नाही आणि चूक झाली तर बोलायला सारे गाव. ग्रामीण शिक्षकाच्या या एकटेपणाची ओळख त्यांना पहिल्याच नोकरीत झाली. १९३३ मध्ये त्या हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असा क्रम ठेवून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव. आचार्य भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांमुळे तेथे शिक्षणाचे वातावरण आधीपासून होते. पण शाळेच्या पलीकडे पसरलेला वारली आदिवासींचा मुलूख जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचत होता. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. पोटाचाच प्रश्न जेथे सुटलेला नव्हता, तेथे तीन-चार वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवायला या दोघी निघाल्या होत्या.

ताराबाई अनुताईंहून अठरा वर्षांनी मोठ्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. दादरच्या शिशुविहारात त्यांचा प्रयोग सिद्ध झाला होता. पण शहरातले ते देखणे, महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. अनुताईंना वर्ग सांभाळण्याचा अनुभव होता. बालशिक्षण मात्र नवे होते. पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीनंतर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. त्यांना शिकविण्यासाठी वेगळा वर्ग भरत नव्हता. सकाळी मुलांमध्ये बसायचे, काय जमले आणि काय फसले याचा नंतर विचार करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहायचे, हेच त्यांचे प्रशिक्षण होते.

पहिला धडा मुलांनीच दिला. बोर्डीच्या बालवाडीत हरिजनवाड्यातली मुले येईनात. घरच्या माणसांना शाळेची गरज वाटत नव्हती आणि संकोचही होता. तेव्हा मुलांची वाट पाहणे सोडून शाळाच वाड्यात नेली गेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तेथे मुलांना जमवायचे, त्यांना आंघोळी घालायच्या, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ घ्यायचे. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हेच मोजण्याचे, रंग ओळखण्याचे, रचना करण्याचे साहित्य झाले. या अंगणातल्या बालवाडीला नाव मिळाले अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर पोहोचला.

बालवाड्या वाढवायच्या तर त्या चालविणारी माणसे हवीत. शहरातून शिकलेल्या शिक्षिका आणून हे होणार नव्हते. म्हणून खेड्यांतल्या, बेताचेच शिक्षण झालेल्या स्त्रियांना बालसेविका म्हणून तयार करण्याचे काम बोर्डीत सुरू झाले आणि त्याचा मोठा भार अनुताईंनी उचलला. येथे त्यांचे पूर्वायुष्य उपयोगी पडले. मध्येच सुटलेले शिक्षण, घरातून मिळणारा नकार आणि चारचौघांत बोलण्याची भीती हे सारे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यामुळे प्रशिक्षणार्थी स्त्रीच्या उणिवा मोजण्यापेक्षा तिला आधीच काय येते, हे त्या पाहत. गाणी येणाऱ्या बाईला गाण्यातून शिकविता येते आणि रांगोळी काढणाऱ्या बाईला आकारांची जाण असते. बाकीचे मुलांच्या सहवासात, हाताने करून शिकायचे होते.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषिसंस्थेच्या परिसरात आले आणि अनुताईंच्या आयुष्याचा सर्वांत भरीव कालखंड सुरू झाला. आदिवासी मुले शाळेत का टिकत नाहीत, याची उत्तरे पाड्यांवर सापडली. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागे, तर मुलग्यांना गुरे राखावी लागत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकटे पाळणाघरात राहिले की थोरली वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणात जाई आणि झाडे, दगड, जनावरे यांच्याच आधाराने धडा होई. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते.

या साऱ्यात शिक्षकाचे काम बदलत होते. पुस्तक आणि घंटा यांच्या आधारावर उभा असलेला शिक्षक कुरणात निराधार होतो. त्याला परिस्थिती वाचून आपला धडा आपणच रचावा लागतो. असा शिक्षक आठ दिवसांच्या व्याख्यानांतून तयार होत नाही. त्याच्या शेजारी कोणीतरी अनुभवी माणूस उभे राहावे लागते. कोसबाडला अनुताई तशा उभ्या राहिल्या. त्यांनी बालवाडी चालविणाऱ्यांसाठी साधी, व्यवहारोपयोगी पुस्तके लिहिली आणि ‘शिक्षण पत्रिके’च्या संपादनातून दूरच्या शिक्षकांशीही संबंध ठेवला. स्वतःचे शिकणेही थांबविले नाही. १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी. ए. झाल्या.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली आणि टेकडीचा सारा भार अनुताईंवर आला. गुरूच्या पश्चात प्रयोग जपून ठेवणे सोपे असते. तो वाढविणे अवघड. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल संस्थेची स्थापना केली आणि डहाणू तालुक्यातील ऐनेसारख्या दुर्गम गावात नवे काम उभे राहिले. ताराबाईंनी अनुताईंना जसे घडविले, तसेच पुढच्या पिढीला हाताशी धरण्याचे हे काम होते. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी आपला प्रवास मांडला आहे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात आणले आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. तास मोजता येतात आणि प्रमाणपत्रेही देता येतात. मात्र पाड्यावर एकटीच शाळा चालविणाऱ्या शिक्षिकेला, आज धडा फसला तर उद्या काय करावे, हे विचारता येईल असे माणूस लागते. ताराबाईंच्या रूपाने अनुताईंना ते लाभले होते आणि पुढे असंख्य बालसेविकांसाठी त्या स्वतः ते माणूस झाल्या.