दादासाहेब फाळके
धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल, १८७०, त्र्यंबकेश्वर – १६ फेब्रुवारी, १९४४, नाशिक) हे मराठी चित्रपट-दिग्दर्शक व निर्माते होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते.

मूकपटनिर्मिती
विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी भांडवल उभारले आणि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. राजा हरिश्चंद्र या मूकपटाचे बाह्यचित्रण वांगणी येथे झाले. ३ मे, १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. १९१७ मध्ये फाळक्यांनी हेच कथानक पुन्हा चित्रित केले.

हरवलेली दृश्ये
त्या काळातील नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असून कालांतराने आपोआप कुजते. त्यामुळे फाळक्यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी.के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून उरलीसुरली रिळे मिळवली. चार रिळांच्या राजा हरिश्चंद्रची पहिली व शेवटची रिळेच आज उपलब्ध आहेत; काही अभ्यासकांच्या मते तीही १९१७ च्या आवृत्तीतील आहेत. तसे असल्यास मूळ चित्रपटातील एकही दृश्य शिल्लक नाही. कालिया मर्दन (१९१९) मात्र बराचसा टिकला असून, त्यात बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची कन्या मंदाकिनी दिसते.