गोठवलेला भ्रूण आणि डॉ. सुभाष मुखर्जी

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात आणखी एक मुलगी जन्माला आली. दुर्गापूजेचे दिवस जवळ आले होते. तिची ओळख जगाला ‘दुर्गा’ या नावाने झाली. लुईसमागच्या डॉ. रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुर्गामागचे डॉ. सुभाष मुखर्जी मात्र तिच्या जन्मानंतर तीन वर्षेही जगले नाहीत. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांपुढे आज जे पर्याय ठेवले जातात, त्यांतील काही या माणसाने तेव्हाच निवडले होते.

सुभाष मुखर्जींचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागचा. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९५५ मध्ये ते डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटून बसण्यापेक्षा त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. १९५८ मध्ये कोलकाता विद्यापीठातून प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात आणि १९६७ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून प्रजननाशी संबंधित संप्रेरकांच्या अभ्यासात, अशा दोन पीएच.डी. त्यांनी मिळवल्या. परदेशात न राहता ते परतले आणि कोलकात्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. पुढे १९७५ पासून त्यांची नेमणूक बांकुडा येथील महाविद्यालयात होती.

त्यांच्याकडे आलेल्या जोडप्यातील पत्नीच्या गर्भनलिका खराब झालेल्या होत्या. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेट एरवी गर्भनलिकेत होते. तीच वाट बंद असेल, तर औषधे देऊन बीज तयार करण्याने किंवा शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याने काही साधत नाही. नलिकेवर शस्त्रक्रिया हा त्या काळचा मुख्य उपाय होता, पण यश बेभरवशाचे. म्हणजे बीज शरीराबाहेर काढून तिथेच फलित करणे, हा मार्ग उरत होता. इंग्लंडमधील ब्राऊन दांपत्याची अडचणही हीच होती.

अडचण एकच असली, तरी उपचाराच्या वाटा वेगळ्या निघाल्या. एडवर्ड्‌स आणि त्यांचे सहकारी डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी लुईसच्या वेळी संप्रेरकांची इंजेक्शने टाळली. नैसर्गिक मासिक चक्रात तयार होणारे एकच बीज त्यांनी पोटातून दुर्बीण घालून काढले. वेळ चुकली किंवा बीज हाती लागले नाही, तर तो महिना वाया.

मुखर्जींनी उलट विचार केला. अंडाशयाला चालना देणारी इंजेक्शने देऊन त्यांनी एकाच चक्रात अधिक बीजे वाढवली. ती काढण्यासाठी पोटावर नव्हे, तर योनिमार्गाच्या मागच्या भिंतीत लहानसा छेद घेतला. बीजे बाहेर फलित झाल्यावर खरा पेच समोर आला. इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात शरीरातील संप्रेरकांचा नेहमीचा तोल बदललेला असतो. अशा वेळी गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजवून घेईल याची खात्री नव्हती. मग भ्रूण तेव्हाच आत सोडण्याची घाई कशाला? तो गोठवून ठेवावा आणि पुढच्या एखाद्या नैसर्गिक चक्रात, अस्तर तयार असताना सोडावा, असे त्यांनी ठरवले.

उंदरांचे भ्रूण गोठवून पुन्हा जिवंत करण्यात शास्त्रज्ञांना १९७२ मध्ये यश आले होते. मानवी भ्रूणातून मूल मात्र कुठेच जन्मले नव्हते. अतिशीत तापमानाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे दोघे त्यांच्यासोबत होते. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटू नयेत म्हणून त्यांनी डीएमएसओ हे द्रव्य वापरले. ५३ दिवस गोठवलेला भ्रूण पूर्ववत करून गर्भाशयात सोडला गेला आणि त्यातून दुर्गा जन्मली.

बातमी पसरली तशा शंकाही आल्या, आणि शंका येणे विज्ञानात गैर नाही. पण त्या तपासण्याची पद्धत चुकली. नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीत या तंत्रावर स्वतः काम केलेला कुणीही नव्हता. मुखर्जींची बाजूही पुरती भक्कम नव्हती. भारतातील अतिशीत-विज्ञानाच्या एका नियतकालिकात आलेल्या त्रोटक टिपणापलीकडे सविस्तर शोधनिबंध त्यांच्या हाती नव्हता. मुलीच्या आईवडिलांना लोकांसमोर यायचे नव्हते. मूल कसे झाले हे कळले तर समाज काय म्हणेल, ही त्यांची भीती होती. रुग्णाचे गुपित राखायचे की स्वतःचा दावा सिद्ध करायचा, या कात्रीत मुखर्जींनी पहिली गोष्ट निवडली. समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला.

जपानमधील क्योटो विद्यापीठाने १९७९ मध्ये त्यांना आपले काम मांडायला बोलावले होते. सरकारने परवानगी नाकारली. सविस्तर निबंध लिहून जगासमोर ठेवण्याची संधी हुकली. या ताणाच्या काळातच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १९८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्यातील एका नेत्रविज्ञान संस्थेत झाली. आयुष्यभर प्रजननाचा अभ्यास केलेल्या माणसाचा तिथल्या कामाशी संबंध नव्हता. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ते ५० वर्षांचे होते. रमापद चौधुरी यांची ‘अभिमन्यू’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट याच आयुष्यावरून सुचलेले.

त्यांना न्याय मिळवून देण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या या कामाची शास्त्रीय नोंद चोख होती, त्यामुळे हर्षा ही भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली. पुढे मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्या तपासून, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलून, त्यांनी १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की पहिला मान मुखर्जींचाच आहे. तो मान स्वतःच्या नावावर असलेल्या शास्त्रज्ञानेच तो दुसऱ्याला देऊ केला. मोठी झालेली दुर्गाही नंतर स्वतःहून जाहीरपणे पुढे आली.

मुखर्जींच्या निवडी पुढे जगाने एकेक करून स्वीकारल्या. इंजेक्शनांनी अधिक बीजे वाढवणे १९८०च्या दशकात रूढ झाले. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मल्याची जगाने मान्य केलेली पहिली नोंद १९८४ मधील, ऑस्ट्रेलियाची. योनिमार्गातून बीज काढणे तर आज नेहमीचे आहे. फक्त आता छेदाऐवजी सोनोग्राफीत पाहत सुई वापरतात.

याचा अर्थ यातले प्रत्येक पाऊल प्रत्येकीला हवेच, असा नाही. निदान एक नलिका मोकळी असेल आणि शुक्रजंतू ठीक असतील, तर आधी साधा आययूआय पुरेसा ठरू शकतो. दोन्ही नलिका बंद असतील तर आयव्हीएफ लागते. शुक्रजंतू फारच कमी असतील तर एकच शुक्रजंतू बीजात सोडण्याचे इक्सी तंत्र कामी येते. इंजेक्शनांना अंडाशय अति प्रतिसाद देत असेल, तर सगळे भ्रूण गोठवून नंतर सोडणे अधिक सुरक्षित असते. पाळी आणि बीजनिर्मिती नियमित असलेल्या स्त्रीला मात्र केवळ गोठवण्याने फायदा होतोच असे नाही.

मुखर्जींनी आधी अडचण नेमकी कुठे आहे ते शोधले आणि प्रत्येक पाऊल त्या कारणावरून ठरवले. उपचार सुरू करण्यापूर्वी पतिपत्नी दोघांच्या तपासण्या झाल्या का, अडचण कोणती निघाली आणि सुचवलेला उपचार नेमका त्याच अडचणीवर आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याचा प्रत्येक जोडप्याला हक्क आहे. सर्व अहवाल आपल्याजवळ जपून ठेवावेत. आणि यात लपवण्यासारखे काही नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मनाशी धरावे.