पास्कल : प्रेशरच्या पलीकडचा

फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हात पास्कल विचारला की आपण एक न्यूटन प्रति चौरस मीटर असं धाडकन सांगतो आणि सुटतो. पण हा माणूस शेवटची काही वर्षं एका अगदी वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होता. माणूस तरतो तो स्वतःच्या इच्छेने, की देवाच्या कृपेने?

ब्लेझ पास्कल जन्मला १९ जून १६२३ रोजी, फ्रान्समधल्या क्लेर्मोंला. आई तो तीन वर्षांचा असताना गेली. वडील पुढे रूआंला करवसुलीचे अधिकारी झाले. त्यांची आकडेमोड कमी व्हावी म्हणून पोराने १६४२ मध्ये, म्हणजे आपण फर्स्ट इयरला असतो त्या वयात, बेरजेचं यंत्र करायला घेतलं. पन्नासेक मॉडेल्स झाली तेव्हा कुठे ते मनासारखं जमलं. (आपल्याला प्रोजेक्टचं दुसरं मॉडेल म्हटलं तरी जिवावर येतं!) हातचा पुढे न्यायला एक वजनदार तरफ होती. चाक नवावरून शून्यावर आलं की ती खाली पडायची आणि पुढचं चाक एक घर सरकायचं. चाकं उलटी फिरत नसत, म्हणून वजाबाकी नाइन्स कॉम्प्लिमेंटने!

१६४६ मध्ये वडील बर्फावर घसरून जायबंदी झाले. घरी राहून उपचार करणारे दोघे जॅन्सेन या बिशपच्या विचारांचे होते. ते विचार अख्ख्या घरात शिरले. जॅन्सेनच्या मते आदामाच्या पतनानंतर माणसाची इच्छाच पापाच्या ताब्यात गेली आहे. देवाने कृपा केली तरच ती वळते, आणि अशी कृपा कधी फुकट जात नाही. जेझुइट मंडळी उलट सांगत : पुरेशी कृपा सगळ्यांनाच मिळते, ती कामी लावायची की नाही हे माणसाच्या हातात. १६५३ मध्ये पोप दहाव्या इनोसंट यांनी जॅन्सेनच्या नावावरची पाच विधानं निषिद्ध ठरवली.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री पास्कलला सुमारे दोन तास विलक्षण ईश्वरी अनुभव आला. मग १६५६-५७ मध्ये त्याने टोपणनावाने अठरा पत्रं छापून जेझुइटांची यथेच्छ खिल्ली उडवली.

पण मग देवच सगळं करणार असेल तर माणूस काय, यंत्रातलं चाक? पास्कल हे मान्य करत नाही. त्याच्या मते यंत्र हिशेब करतं, पण त्याला इच्छा नसते. कृपा इच्छेला ढकलत नाही. ती पापापेक्षा मोठी गोडी लावते आणि मन आपणहून तिकडे धावतं. मला हे पूर्ण पटलेलं नाही. गोडीच जर दुसऱ्याने लावली तर आपणहून कसलं? गंमत म्हणजे हाच पास्कल नास्तिकाला देव आहे यावर पैज लावायला सांगतो. म्हणजे निवड करायला सांगतोच की!

१६६१ मध्ये जॅन्सेनच्या निषेधावर सह्या करायची सक्ती झाली. पोर्ट-रॉयल मठात जोगीण झालेल्या धाकट्या बहिणीने, जॅकलीनने, मन मारून सही केली आणि त्याच वर्षी ती गेली. पास्कल तडजोडीच्या विरोधात होता, त्यावरून त्याचं स्वतःच्या मित्रांशीही बिनसलं.

मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवरून पाच सू भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. ही सार्वजनिक बससेवा त्याच्याच डोक्यातून निघालेली. त्यातल्या आपल्या वाट्याचे पैसे त्याने आगाऊ मागितले, तेही गरिबांना पाठवायला. १९ ऑगस्टला तो गेला, वय अवघं ३९. नंतर नोकराला त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला कागद सापडला. १६५४ च्या त्या रात्रीची नोंद होती ती. आठ वर्षं त्याने ती अंगावर बाळगली आणि कुणालाही सांगितलं नव्हतं.