कर्नाल ते चंदीगड : कल्पना चावलाची अभियांत्रिकी साधना

कल्पना चावला हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांमुळे आणि वक्तृत्व स्पर्धांमुळे परिचित आहे. परंतु १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले, तेव्हा आज शाळेच्या बाकांवर बसणाऱ्या मुलांचा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे तिच्या आयुष्याचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. ते आयुष्य घडले कसे, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. अवकाशात जाणारी कल्पना आधी एक विद्यार्थिनी होती. चंदीगडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलींनी सहसा न घेतलेली शाखा निवडून तिने चार वर्षे नेटाने अभ्यास केला. शाळेच्या हीरक महोत्सवी अंकात तिचे स्मरण करताना त्या चार वर्षांकडे विशेष लक्ष देणे उचित ठरेल.

कल्पनाचे कुटुंब मूळचे पश्चिम पंजाबातील शेखुपुरा भागातले. फाळणीच्या वणव्यात घरदार सोडून ते हरियाणातील कर्नाल येथे आले. वडील बनारसीलाल यांनी मिळेल ते काम केले, फेरीवाल्याचा व्यवसाय केला आणि पुढे टायर बनविण्याचा उद्योग उभारला. आई संज्योती. दोन बहिणी व एक भाऊ यांच्या पाठीवर जन्मलेले हे शेंडेफळ घरात मोंटो या लाडक्या नावाने ओळखले जाई. शाळेत घालण्याची वेळ आली, तेव्हा कल्पना हे नाव तिने स्वतःच निवडले. तिचा जन्म १७ मार्च १९६२ चा. परंतु मॅट्रिकच्या परीक्षेला बसता यावे म्हणून कागदोपत्री १ जुलै १९६१ ही तारीख लागली. त्या काळच्या कित्येक भारतीय घरांत असे घडत असे.

कर्नालमध्ये एक फ्लाइंग क्लब होता. तेथील छोटी विमाने घरांच्या छपरांवरून जात. कल्पना आणि तिचा भाऊ सायकलवरून त्यांच्या मागे धावत. वडिलांकडे हट्ट करून तिने पुष्पक विमानातून आणि ग्लायडरमधून फेरीही मारली. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन केलेल्या उड्डाणाची गोष्ट तिच्या मनात घर करून होती. विमान उडते कसे आणि त्याची रचना कोण करतो, हे कुतूहल तिला लागले. फ्लाइट इंजिनिअर म्हणजे विमानाची रचना करणारा मनुष्य, अशी शालेय वयात तिची समजूत झाली होती. वस्तुतः फ्लाइट इंजिनिअर हा उड्डाण चालू असताना यंत्रणेवर लक्ष ठेवणारा कर्मचारी. पण या गैरसमजातून तिचे ध्येय लवकर ठरले. अकरावी-बारावीच्या वयात काय व्हायचे हे ठामपणे सांगू शकणारी मुले आजही विरळाच.

कर्नालच्या टागोर बाल निकेतन शाळेतून १९७६ साली ती उत्तीर्ण झाली. अभियांत्रिकीपूर्व शिक्षण कर्नालमध्येच पूर्ण करून तिने चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे मोर्चा वळविला. मुलीने डॉक्टर किंवा शिक्षिका व्हावे, असे वडिलांना वाटत होते. परगावी जाऊन मुलांच्या वर्गात अभियांत्रिकी शिकणे त्यांना रुचले नाही. आई मात्र मुलीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली.

या महाविद्यालयाचा इतिहासही चावला कुटुंबासारखाच विस्थापनाचा आहे. १९२१ साली लाहोरजवळच्या मुघलपुरा येथे ते सुरू झाले. १९४७ मध्ये फाळणीनंतर त्याचे स्थलांतर रुडकीला झाले आणि १९५३ च्या अखेरीस ते चंदीगडमध्ये स्थिरावले. चंदीगड हे ल कोर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार वसविलेले नियोजनबद्ध शहर. उत्तरेला शिवालिकच्या पायथ्याशी शासकीय वास्तू, त्याच बाजूला सेक्टर १२ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय व सेक्टर १४ मध्ये विद्यापीठ. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेस रेल्वेमार्गाच्या अंगाला इंडस्ट्रियल एरिया. नट-बोल्टपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत नाना वस्तू घडविणारे लहान-मोठे कारखाने तेथे उभे राहिले. जवळच पिंजोरला एच.एम.टी.चा कारखाना होता आणि मोहालीत १९७४ पासून स्वराज ट्रॅक्टर तयार होऊ लागले होते. यंत्र किंवा विद्युत शाखेची पदवी घेतलेल्या तरुणाला अशा ठिकाणी नोकरीची आशा धरता येत असे.

विमानाची गोष्ट वेगळी होती. इंडस्ट्रियल एरियातील कोणत्याही छपराखाली विमान तयार होत नव्हते. वैमानिक अभियांत्रिकी शिकविणाऱ्या संस्था साऱ्या देशात मोजक्याच होत्या. आपल्याकडे मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये ती शाखा होती. पदवी घेतली तरी पुढे बंगळूरचा विमान कारखाना, काही शासकीय प्रयोगशाळा आणि वायुदल, एवढेच दरवाजे दिसत. आणि वायुदलात तर स्त्रियांना त्या काळी हे काम खुलेच नव्हते. म्हणून प्रवेशाच्या वेळी कल्पनाने वैमानिक शाखेचे नाव सांगताच तेथील प्राध्यापकांनी तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. विद्युत किंवा यंत्र शाखा घे, तेथे नोकरीची शाश्वती आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

या सल्ल्यात दुष्टावा मुळीच नव्हता. व्यवहार पाहणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी असेच सांगितले असते. परंतु समोरच्या मुलीला काय शिकायचे आहे, हा प्रश्न त्या सल्ल्यात मागे पडला होता. कल्पनाने वाद घातला नाही, पण निर्णयही बदलला नाही. दुसरा पर्यायच तिने पुढे ठेवला नाही. अखेर वैमानिक शाखेत तिचे नाव नोंदले गेले. वर्गात ती एकटीच मुलगी होती.

प्रवेश मिळविणे कठीण असते. टिकून राहणे त्याहून कठीण. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कोणतीही शाखा असो, गणित, पदार्थविज्ञान, यंत्रचित्रण आणि कार्यशाळा यांची चाळण सर्वांनाच पार करावी लागते. शाळेत पहिला येणारा विद्यार्थी येथे प्रथमच अनुत्तीर्ण होण्याच्या भीतीला सामोरा जातो. पुढे विमानाचे खास विषय येतात. पंखाच्या वक्र पृष्ठावरून हवा कशी वाहते व त्यातून उचल कशी निर्माण होते, हे वायुगतिकी सांगते. अत्यंत हलका, तरीही न मोडणारा सांगाडा कसा बांधावा, इंजिनाचा रेटा किती असावा, झोताने हललेले विमान पुन्हा स्थिर कसे होते, याचा अभ्यास करावा लागतो. हवा डोळ्यांना दिसत नाही. तिच्या हालचालीची समीकरणे इतकी गुंतागुंतीची की बहुतेक वेळा ती कागदावर सुटत नाहीत. अशा विषयात केवळ पाठांतराने निभाव लागत नाही.

कल्पनाने केवळ निभाव लावला नाही. वर्गातील अभ्यासाबरोबर महाविद्यालयाच्या विमानविद्या व अवकाश या विषयांवरील विद्यार्थी मंडळात तिने हिरिरीने काम केले. परीक्षेपुरते वाचून पुस्तक मिटायचे, ही वृत्ती तिला मानवली नाही. १९८२ साली ती वैमानिक अभियांत्रिकीची पदवीधर झाली. ज्या महाविद्यालयाने तिला दुसरी शाखा सुचविली, त्याच महाविद्यालयाने तिला पुढच्या वाटचालीचा भक्कम पाया दिला, हेही तितक्याच कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन येथील शाखेत तिला प्रवेश मिळाला. घरची संमती मिळण्यात वेळ गेला आणि ती तेथे उशिरा पोहोचली. तरीही मागे पडलेला अभ्यास भरून काढून तिने १९८४ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली. त्याआधीच्या वर्षी ज्याँ-पिएर हॅरिसन यांच्याशी तिचा विवाह झाला होता. १९८८ साली कोलोरॅडो विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ती नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करू लागली. इंजिनाच्या झोताच्या बळावर जवळजवळ सरळ वर उठणाऱ्या विमानाभोवती, विशेषतः ते जमिनीलगत असताना, हवा कशी वागते याची गणना ती संगणकाच्या साहाय्याने करीत असे. कागदावर न सुटणारी समीकरणे आता यंत्राकडून सोडवून घेणे हेच तिचे क्षेत्र झाले. विमाने व ग्लायडर चालविण्याचे परवानेही तिने मिळविले आणि ती इतरांना उड्डाण शिकवूही लागली.

डिसेंबर १९९४ मध्ये हजारो अर्जदारांतून नासाने अंतराळवीर म्हणून तिची निवड केली. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी कोलंबिया यानातून तिने पहिले उड्डाण केले आणि भारतात जन्मलेली पहिली महिला अंतराळवीर म्हणून तिचे नाव जगभर झाले. याच मोहिमेत तिच्यावर कसोटीचा प्रसंग आला. यानाच्या यंत्रहस्ताने स्पार्टन हा सूर्याचा अभ्यास करणारा उपग्रह सोडण्याचे काम तिच्याकडे होते. सोडल्यानंतर उपग्रह अपेक्षेप्रमाणे वळला नाही. पुन्हा पकडण्याच्या प्रयत्नात तो गरगरू लागला. शेवटी दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडून आणला. जगासमोर घडलेल्या या फसगतीचे खापर तिच्यावर फुटण्याची चिन्हे होती. नासाने मात्र सविस्तर चौकशी केली. आज्ञावली व यंत्रणा यांच्या रचनेतील तसेच ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीतील त्रुटी उघड झाल्या आणि कल्पना निर्दोष ठरली. त्या काळात कटुता न बाळगता तिने आपले काम चालू ठेवले, म्हणूनच २००० साली दुसऱ्या मोहिमेसाठी तिची निवड झाली.

ती मोहीम तांत्रिक अडचणींमुळे वारंवार पुढे ढकलली गेली आणि १६ जानेवारी २००३ रोजी सुरू झाली. सोळा दिवसांत सात अंतराळवीरांनी सुमारे ऐंशी प्रयोग केले. परंतु उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. परतीच्या वेळी त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि उतरण्यास अवघी सोळा मिनिटे उरली असता यान आकाशातच विखुरले. सातही जणांचा अंत झाला.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या मंडळाने नोंदविलेला निष्कर्ष आपण शिक्षकांनी विसरता कामा नये. यान अवकाशात असतानाच काही अभियंत्यांना पंखाची चिंता वाटली होती. पंखाची छायाचित्रे घ्यावीत, अशी त्यांची मागणी होती. ती मागणी तडीस गेली नाही. फेसाच्या तुकड्याइतकीच शंका दाबून टाकणारी कार्यसंस्कृतीही या अपघाताला कारणीभूत होती, असे मंडळाने स्पष्ट केले. ज्या मुलीची वाटचाल छपरावरून जाणाऱ्या विमानाविषयीच्या प्रश्नापासून सुरू झाली, तिचा अंत काही प्रश्न वेळीच ऐकले न गेल्यामुळे व्हावा, हे मन विषण्ण करणारे आहे.

तिच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी भारताने आपल्या हवामान उपग्रहाला कल्पना-१ हे नाव दिले. चंदीगडच्या महाविद्यालयात मुलींचे वसतिगृह तिच्या नावाने उभे आहे. जेथे वैमानिक वर्गात ती एकटीच मुलगी होती, तेथे आज मुली मोठ्या संख्येने शिकतात. परंतु तिचे खरे स्मारक तिने हयातीतच उभारले होते, असे म्हणावे लागेल. पहिल्या उड्डाणानंतर, १९९८ पासून, कर्नालच्या आपल्या शाळेतील दोन विद्यार्थ्यांना दरवर्षी नासाच्या उन्हाळी अवकाश अभ्यासक्रमाला येता यावे, अशी व्यवस्था तिने केली. कीर्तीच्या शिखरावर असतानाही तिला आपल्या गावच्या शाळेचा विसर पडला नाही.

आपल्या शाळेतूनही दरवर्षी अनेक विद्यार्थी अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांना बसतात. नोकरीची शक्यता, गुणांची यादी, शुल्काचा आकडा यांचा विचार घरोघरी होतो आणि तो व्हायलाही हवा. त्या हिशोबात मुलाला किंवा मुलीला काय शिकायचे आहे, हा प्रश्न मात्र हरवू नये. विद्यार्थ्यांनी कल्पनाकडून एवढे घ्यावे की, निवड विचारपूर्वक करावी आणि एकदा केली की तिची किंमत रोजच्या अभ्यासाने चुकती करावी. आणि आपण वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे की, वर्गातील एखादा हात वर झाला, तर त्याचा प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा.