भास्कराचार्य आणि ६१ चं गणित



चाळीसगावजवळची पाटणादेवी आपल्याला माहीत आहेच. तिथे पाटण गावी एक जुना शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची माहिती त्यात कोरलेली आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ सालचा. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते, आणि तेच त्यांचे गुरू. ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

बीजगणितात एक अवघड उदाहरण आहे. शून्य सोडून एक पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा. त्याला ६१ ने गुणा आणि १ मिळवा. येणारं उत्तर पूर्ण वर्ग असलं पाहिजे.

६१ ऐवजी ६० असते तर सोपं होतं. ४ चा वर्ग १६, त्याची ६० पट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ असते तर ८ घेऊन भागतं. पण ६१ साठी सर्वांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०! आणि उत्तराचं वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९. दर सेकंदाला एक संख्या तपासली, जेवण-झोप सोडली, तरी सात वर्षं लागतील बरं का!

मग भास्कराचार्यांनी ती कशी काढली? चक्रवाल पद्धतीने. आधी जवळचं उत्तर धरायचं. १ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे ६१. त्यात ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. मिळवायचा होता १, लागले ३. चुकलं! पण ही चूक टाकून द्यायची नाही. तिच्यावरूनच पुढचं उत्तर काढायचं, पुन्हा चूक बघायची. असं चाकासारखं फिरत गेलं की शेवटी बरोबर १ येतो. ब्रह्मगुप्त आणि जयदेव यांनी ही वाट आधी पाडली होती. भास्कराचार्यांनी ती नीट समजावून दिली.

पुढे ५०७ वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या विद्वानांपुढे टाकला. उत्तर तर इथे केव्हाच निघालं होतं.

भास्कराचार्यांनी ६९व्या वर्षीही 'करणकुतूहल' हा ग्रंथ रचला. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव यांनी पाटणला मठ काढला. शिकवणारे आणि शिकणारे होते, म्हणूनच ही विद्या टिकली.

आता थोडा ताळा करा. ४९ गुणिले ४९ म्हणजे २४०१, शेवटी ०१. दुसऱ्या संख्येच्या शेवटी शून्य, म्हणून वर्गाला दोन शून्यं. ६१ पट करून एक मिळवला की शेवटी ०१ च. जुळलं ना?

गणित चुकलं की आपण लगेच खोडरबर घेतो. आता आधी बघू या, कितीने चुकलं. आणि पालकहो, तुम्हीही रागावण्याआधी तेवढंच विचारा.