विश्लेषण : पन्नाशीनंतर महिलांची हाडे का ठिसूळ होतात? हे कोडे उलगडणारे डॉ. फुलर ऑलब्राइट कोण होते?

उतारवयात अनेक महिलांची पाठ वाकते, उंची कमी होते, घरात पाय घसरला तरी खुब्याचे हाड मोडते. याचा संबंध थेट रजोनिवृत्तीशी आहे, हे १९४० च्या सुमारास ठामपणे मांडले अमेरिकी डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी.

वॉर्ड क्रमांक ४ मध्ये काय चालायचे?

ऑलब्राइट यांचा जन्म १९०० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात झाला. १९२४ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतल्यावर काही काळ ते व्हिएन्नात शिकले. पुढची कारकीर्द बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेली. तिथल्या वॉर्ड क्रमांक ४ मध्ये रुग्णांच्या पोटात किती कॅल्शियम गेले आणि मलमूत्रावाटे किती बाहेर पडले, याचा काटेकोर हिशेब ठेवला जाई.

‘ड’ जीवनसत्त्वाचा संबंध किती?

हाड म्हणजे प्रथिनांचा सांगाडा आणि त्यात भरलेले कॅल्शियम व फॉस्फरस. ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले, की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. सांगाडा तयार असतो, पण भराव अपुरा राहतो. लहान मुलांमध्ये हा मुडदूस, तर मोठ्यांमध्ये ऑस्टिओमलेशिया. नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या मुडदुसाचे वर्णनही ऑलब्राइट यांनी सहकाऱ्यांसह १९३७ मध्ये केले.

वयस्क महिलांचे चित्र मात्र वेगळे होते. त्यांच्या रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फरस सहसा ठीक असे. भराव योग्य होता, पण मुळात हाडच कमी झाले होते. हा ऑस्टिओपोरोसिस. अशा रुग्णांत रजोनिवृत्ती झालेल्या महिलांची संख्या मोठी होती. शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या तरुण महिलांनाही हा त्रास होत होता. त्यावरून ऑलब्राइट यांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या अभावाकडे बोट दाखवले. इस्ट्रोजेन दिल्यावर शरीराबाहेर जाणारे कॅल्शियम घटले.

त्यांचे काय चुकले?

इस्ट्रोजेनअभावी नवे हाड तयार होत नाही, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात जुने हाड झिजण्याचा वेग वाढतो आणि नवे हाड ती झीज भरून काढू शकत नाही, हे नंतरच्या संशोधनातून कळले. इस्ट्रोजेन उपचारांचे धोकेही पुढे समोर आले. त्यामुळे आता हे उपचार सरसकट दिले जात नाहीत.

अखेर कशी झाली?

चाळिशीआधीच त्यांना पार्किन्सन जडला. हात थरथरत, बोलणे अस्पष्ट होई. तरीही ऑस्टिओपोरोसिसवरचे महत्त्वाचे काम त्यांनी याच काळात केले. १९५६ मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा व भान हरपले. पुढची तेरा वर्षे ते त्याच अवस्थेत, आपल्याच रुग्णालयात होते. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

‘ड’ जीवनसत्त्वाची रक्तचाचणी आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी वेगवेगळ्या का, याचे उत्तर या फरकात आहे. ‘ड’ची कमतरता भरून काढणे गरजेचेच, पण रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणजे हाडे मजबूत आहेत, असे नाही. रजोनिवृत्तीनंतर पाठ वाकू लागली, उंची घटली किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले, तर केवळ गोळ्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांकडून हाडांची तपासणी करून घ्यावी.