सरकारांची संघटना आणि बाबासाहेबांनी न पाठवलेला अहवाल

खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत आज आपले कर्जत-खालापूरचे अनेक तरुण आठ तासांची पाळी करतात. ही पाळी आणि संयुक्त राष्ट्रे यांना जोडणारा एक धागा बाबासाहेबांच्या चरित्रात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. सरकारे आपसांत करार करून जी संघटना उभी करतात, जिची सनद असते, कायमचे कार्यालय असते आणि जिचे सभासद देश असतात, ती आंतरशासकीय संघटना. ॲम्नेस्टी अनेक देशांत काम करते, पण तिचे सभासद माणसे आहेत. म्हणून ती या व्याख्येत बसत नाही.

1919 साली व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली. भारत पारतंत्र्यात असूनही तिचा संस्थापक सभासद झाला, कारण सही सरकारची होती. त्याच वर्षी 27 वर्षांचे भीमराव आंबेडकर साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागत होते.

या संघटनेच्या पहिल्याच कराराने आठवड्याचे 48 तास ठरवले, पण भारताला 60 तासांची सवलत दिली. 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. 1946 मध्ये कारखाने कायद्यात 48 तासांची दुरुस्ती झाली, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. जिनिव्हातला कागद इथे कायदा झाला, तेव्हाच कामगाराच्या हाती काही पडले.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी स्वतःही अहवाल तयार केला. पण तो पाठवला नाही. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी, असे त्यांनी ठरवले. मग संविधानात अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद 253 ने आंतरराष्ट्रीय करार अमलात आणणारे कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला. 1951 मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी या अहवालाची हकिगत देशापुढे ठेवली. गावोगावचा जुलूम थांबलेला नाही, ही वेदना त्यात होती.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे 1965 चा वंशभेदविरोधी करार आला आणि 1968 मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्यातील जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जात येते, असे कराराची समिती म्हणते. आपले सरकार ते मानत नाही.

मित्रहो, त्या सभागृहात मत सरकारचे असते, आपले नसते. पण समितीपुढे समांतर अहवाल देण्याची वाट नागरी संघटनांना खुली आहे. त्यासाठी प्रत्येक अत्याचाराची तारीख, गुन्हा क्रमांक आणि तपासाची स्थिती आपल्या वहीत असली पाहिजे. बाबासाहेबांनी अहवाल पाठवला नाही, पण तो तयार ठेवला होता. आपला तयार आहे का?

जय भीम!